मदत हवी आहे: मे महिन्यात अंतूर किल्ला, लेकरांसोबत

मंडळी, कन्नड-नागापूर (संभाजीनगर जिल्हा) भागातलं कुणी आहे का इथं?

मामाचं गाव तिकडचंच. मे महिन्यात दिवसभर रानात उंडारायचं आणि रात्री माळवदावर पाणी शिंपडून, वाकळ टाकून झोपायचं. मामा पहाटे टेंभरं (तेंदूची फळं) वेचायला न्यायचा. पिकलेलं टेंभूर बोटांनी दाबलं की साल फुटायची, आत पिवळा चिकट गर. कच्चं खाल्लं की तोंड असं आवळायचं की बोलता यायचं नाही, आणि मामा नेमकं तेव्हाच काहीतरी विचारायचा! आता ते घरही नाही, तिथं स्लॅब पडलाय.

यंदा पोरांना (वय ९ आणि १२) अंतूर दाखवायचाय. वाटेवरचा फारसी अक्षरांचा दिशादर्शक दगडही दाखवीन म्हणतो, त्यांच्या गुगल मॅपचा पणजोबा!

अडचण उन्हाची. मे महिन्यात गडावरच्या टाक्यांत पिण्याजोगं पाणी असतं का, की सगळं खालूनच न्यायचं? चारचाकी नेमकी कुठपर्यंत जाते? भाग गौताळा अभयारण्यातला, तर वनखात्याच्या चौकीवर नोंद किती वाजता सुरू होते? सहाला चढून दहाच्या आत खाली यायचा विचार आहे. त्याच दिवशी पितळखोऱ्याची लेणी जमतील, की पायऱ्या उतरून परत चढताना पोरं रडकुंडीला येतील?

"पावसाळ्यात जा" हे बायको रोज सांगतेच. पण टेंभरं पावसाळ्यात मिळत नाहीत ना भाऊ.