मुलग्यांची पुस्तकं, मुलींची खेळणी : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत विसाव्या शतकात निघालेल्या जवळपास ६००० बालपुस्तकांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दर वर्षीच्या सरासरी ५७ टक्के पुस्तकांत मुख्य पात्र मुलगा किंवा पुरुष होतं, तर ३१ टक्के पुस्तकांत मुलगी किंवा स्त्री. प्राण्यांच्या गोष्टींत तफावत आणखी मोठी. तुमच्या घरात, वर्गात, कामात हे कसं दिसलं? मतं नंतर मांडू, आधी प्रसंग सांगा : कोणतं पुस्तक, कोणतं खेळणं, कोण काय म्हणालं.

बालवाचनालय चालवणारी : मुली कुठलंही पुस्तक उचलतात. समुद्री चाचे असोत की गुप्तहेर, नायक मुलगा आहे म्हणून त्या अडत नाहीत. अडतं ते मुलग्यांचं, आणि तेही मोठ्यांमुळे. मुखपृष्ठावर मुलगी असलेलं पुस्तक घेऊन एखादा मुलगा टेबलापाशी येतो. मी नोंद करायच्या आत मागून आवाज येतो, "अरे, ते मुलींचं आहे!" पुस्तक परत फळीवर जातं. पुढच्या खेपेला तो त्या फळीकडे फिरकतही नाही. मुलींना मुलग्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायची सवय वाचता वाचता लागते. मुलग्यांना मुलीच्या जागी उभं राहायला कुणी सांगतच नाही. या सगळ्यात मुलग्यांचं फार नुकसान होतं असं मला वाटतं, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

चित्रकार : हातात कंदील घेतलेलं साळिंदर काढलं होतं. "ही मुलगी आहे हे कळत नाही," म्हणून चित्र परत आलं. पापण्या लांब करा, डोक्याला बो लावा. बाकीच्या प्राण्यांवर अशी कुठलीच खूण नव्हती, ते न सांगताच मुलगे ठरले होते. १९८७ च्या एका अभ्यासात, चित्रावरून स्त्री की पुरुष हे न कळणाऱ्या पात्रांना मातांनी ९५ टक्के वेळा पुरुष मानलं होतं. मी बो लावला नाही. कंदिलावर तिचं नाव लिहिलं, आणि ते छापलं गेलं.

शिशुवर्गाची शिक्षिका : ठोकळ्यांपाशी मुलगे, भातुकलीपाशी मुली. "सगळ्यांनी सगळं खेळा" असं कितीही सांगा, काही हलत नाही. आम्ही दोन्ही कपाटं शेजारी आणली आणि एकच मोठी सतरंजी अंथरली. मग भातुकलीतल्या घराला जिना हवा झाला, जिन्याखाली गाडीला जागा हवी झाली, पलीकडे दवाखाना उभा राहिला. ताप आलेल्या बाहुलीला क्रेनने उचलून तिथे नेलं! ठोकळे रचताना तोल आणि माप हातात मुरतं, घर-घर खेळताना दुसऱ्याची काळजी घेणं. दोन्ही सगळ्यांना मिळायला हवं.

एक बाबा : मुलाला बाहुली हवी होती, आणली. पाहुण्यांचे टोमणे आले, येऊ दिले. त्याला बहीण झाली तेव्हा तिला मांडीवर घेताना त्याने आधी मानेखाली हात घातला. ते आम्ही दोघं बाहुलीवर शिकलो होतो.

मुलीची आई : गुलाबी रंगावर राग काढू नका. माझ्या लेकीला तो मनापासून आवडतो आणि गुलाबी झगा घालूनच ती झाडावर चढते. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवला होता, म्हणजे रंग काही जन्मापासून वाटलेले नाहीत. मला खटकतं ते वेगळंच : गुलाबी मांडणीत आरसे आणि बाहुल्या, चुंबक आणि सूक्ष्मदर्शक मात्र पलीकडच्या रांगेत.

एक बाबा (पुन्हा) : धाडसी मुलींच्या गोष्टी आता बऱ्याच मिळतात, त्याचा आनंद आहे. माझ्या मुलाला अंधाराची भीती वाटते. गोष्टीतला मुलगा घाबरतो, रडतो, कुणाच्या तरी कुशीत शिरतो आणि शेवटी त्याला शूर व्हावं लागत नाही, असं पुस्तक कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.