नोकरी सोडून बी.एड.ला प्रवेश घेतला आहे. “प्रभू पुरवील” असे म्हणताना हिशेब कुठवर मांडावा?

नगरकरीण (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. माझे वय 36 आहे. 2010 साली बी.ए. झाले, त्याच वर्षी लग्न झाले आणि पुढचे शिक्षण राहून गेले. गेली सहा वर्षे मी तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला मराठी आणि इतिहास शिकवत होते. बी.एड. नसल्यामुळे पगार 7,500 रुपयांवर अडकून होता आणि दर जूनमध्ये यंदा ठेवतात की काढतात, ही धाकधूक असायची. यंदा सीईटी दिली, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून घरापासून 38 किलोमीटरवरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि मी नोकरी सोडली.

यजमान टेम्पो चालवतात. हप्ता आणि डिझेल जाऊन महिन्याला 14 हजारांच्या आसपास हातात येतात. मुलगा नववीत, मुलगी सहावीत आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या. निर्णय घेण्यापूर्वी आम्ही घरात तीन दिवस उपवास-प्रार्थना केली होती. पाळकांनी सांगितल्यावरून रविवारच्या उपासनेत मी साक्षही दिली, की हातात पैसा नसताना केवळ प्रभूच्या भरवशावर मी हे पाऊल उचलले आहे. चर्चच्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. मंगळवारी महाविद्यालयाच्या कारकुनाने एक चिठ्ठी हातात ठेवली. तिच्यावर 9,400 रुपये ‘इतर शुल्क’ लिहिले होते आणि शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत शिक्षण शुल्कही पूर्ण भरावे, अशी ओळ खाली होती. ती चिठ्ठी मी घरी कोणाला दाखवली नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवली आहे, आणि रोज डबा उचलताना तिचा कोपरा दिसतो.

माझा भाऊ मंडळीत येत नाही. तो हसून म्हणतो, “असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, तसे चालले आहे तुझे.” मला त्याचा राग येतो, पण रात्री तेच वाक्य कानात घुमते. मी विश्वास ठेवते आहे की देवाची परीक्षा पाहते आहे, हे मला कळेनासे झाले आहे. शिवाय आता कोणापुढे हात पसरला तर माझी साक्ष खोटी ठरणार नाही का? आणि या दोन वर्षांत दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणे) चालू ठेवावा की नाही, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

गुडघ्यावर

ताई, तुम्ही साक्ष दिली आहे, आता मागे वळून पाहू नका. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि कोणाही माणसापाशी कधी पैसे मागितले नाहीत. जे मागायचे ते प्रार्थनेत मागितले. आकाशातील पाखरे पेरत नाहीत, कापणी करीत नाहीत, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. माणसांपुढे गरज बोलून दाखवली की विश्वासाला गळती लागते, असा माझा अनुभव आहे. दशमांश मात्र थांबवू नका.

केडगाव परिसर

वरच्या उत्तरातील भावनेचा मान राखून मला दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. म्यूलर कोणापाशी मागत नसत हे खरे, पण ते दरवर्षी अहवाल छापत आणि त्यात आलेल्या व खर्च झालेल्या रकमांचा काटेकोर हिशेब देत, हेही तितकेच खरे. देवावर भरवसा ठेवणारा तो माणूस वहीखात्याच्या बाबतीत एखाद्या मुनीमासारखा होता. शिवाय ती त्यांची स्वतःची वाट होती. प्रत्येक विश्वासणाऱ्याने तीच धरावी, अशी आज्ञा कुठे नाही.

आपल्याकडचे उदाहरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. म्यूलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर पुढे खोल परिणाम झाला, पण त्यापूर्वी, विधवांसाठीचे शारदा सदन सुरू करण्याआधी, त्यांनी अमेरिकेत गावोगावी व्याख्याने दिली आणि हिंदुस्थानातील विधवांसाठी उघडपणे मदत मागितली. त्यातूनच 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली, तिने दहा वर्षे खर्च उचलण्याचे वचन दिले आणि मग 1889 मध्ये मुंबईत सदन उघडले. पुढे दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले तेव्हा ठराविक वचनाचा असा आधार नव्हता आणि प्रार्थनेवरच बराचसा भार होता. एकाच बाईच्या आयुष्यात मागणेही आहे आणि न मागता वाट पाहणेही आहे. मागितले म्हणून त्यांचा विश्वास उणा होता, असे म्हणायला निदान माझी तरी जीभ रेटत नाही.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा उतारा मला 2 राजे, अध्याय 4 मधला वाटतो. सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे आणि विधवेच्या घरात तेलाच्या एका कुपीवाचून काही नाही. अलीशा संदेष्टा तिला काय सांगतो? शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस. म्हणजे चमत्काराच्या आधी त्या बाईला दारोदार जावे लागले, आपली अडचण आहे हे साऱ्या आळीला कळू द्यावे लागले. भांडी संपली तेव्हाच तेल थांबले. त्यानंतरही संदेष्ट्याने तिला हिशेबच सांगितला: तेल वीक, देणे फेड, उरेल त्यावर मुलांसह गुजराण कर. तुमची चिठ्ठी तांदळाच्या डब्याखाली आहे तोवर शेजाऱ्यांना भांडे द्यावे हे कळणार तरी कसे?

साक्षीविषयी एक स्पष्ट बोलते. गोष्ट अर्ध्यात असताना तिची साक्ष द्यायला लावणे मला पटत नाही. त्याने माणूस आपल्याच शब्दात अडकतो. पाळकांच्या मनात वावगे काही नसेल, पण आता त्यांनाच जाऊन ती चिठ्ठी दाखवा. महिला मंडळाच्या मदत पेटीतून शिक्षणासाठी बिनव्याजी रक्कम देण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे, तुमच्याकडे आहे का ते विचारा. दशमांशाबाबत मी नियम सांगणार नाही. तुमचे स्वतःचे उत्पन्न आज शून्य आहे आणि शून्याचा दहावा भाग किती, हे सातवीला शिकवणारीला मी काय सांगावे! यजमानांच्या कमाईतून काय द्यायचे ते दोघांनी मिळून ठरवा, आणि जे द्याल ते औषधाच्या पैशांतून नको.

जुने मास्तर

मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षे काम केले आहे आणि देवाधर्माच्या चर्चेत मला फारशी गती नाही, म्हणून व्यवहाराचे तेवढे लिहितो. तुमचा प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला आहे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. संस्थास्तरावर प्रवेश घेतला असता तर ही सवलत हातची गेली असती. तेव्हा शुल्क आधी मागण्याचा आधार कोणता, असा साधा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला कारकून उत्तर देतो, लेखी विचारलेल्याला प्राचार्य देतात. ‘इतर शुल्क’ मात्र सवलतीत येत नाही. त्याचे तपशील मागा आणि हप्ते पाडून मागा; बहुतेक ठिकाणी पाडून मिळतात.

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, प्रवर्गाचा दाखला आणि 2010 पासूनच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. परतून येणाऱ्या विवाहित विद्यार्थिनींचे घोडे हमखास नावापाशी अडते: गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज भरण्यापूर्वी बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे ना, याचीही खात्री करा. पैसे त्याच खात्यावर येतात.

आणखी एक. कॉलेज सांभाळून जुन्या शाळेत अर्धवेळ जाईन, असा विचार मनात असेल तर तो सोडा. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. नियमाप्रमाणे वर्गकार्याला 80 टक्के आणि शाळेतील छात्रसेवेला (प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) 90 टक्के उपस्थिती लागते. कमाई हवी असेल तर संध्याकाळी घरी शिकवणी घ्यावी. सातवीची आठ मुले प्रत्येकी 300 रुपयांनी आली तरी पाठ टाचणांच्या वह्या, तक्ते आणि प्रवासखर्च त्यात निघेल. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहेच, पण आगारात विद्यार्थी मासिक पासाची चौकशी करा; रोज जाणाऱ्याला तो त्याहून स्वस्त पडतो.

दिंडीकर

मी वारकरी घरातला आहे, तरी बोलतो. तुमच्या भावाने सांगितलेली म्हण आमच्या घरात आळशाला टोमणा म्हणून वापरतात, भाविकाला नव्हे. आमच्या दिंडीत ‘विठ्ठल आहे’ हे उठता-बसता तोंडी असते, पण निघण्याआधी भिशी गोळा होते, माणशी पिठाचा हिशेब होतो आणि पाण्याचा टँकर कोणत्या मुक्कामी गाठायचा हे ठरलेले असते. हिशेबाची वही ज्यांच्याकडे असते ते आमचे काका दिंडीतले सर्वांत भाविक गृहस्थ आहेत. वाटेत एखाद्या गावाने न सांगता पंगत घातली की ते वहीत त्या दिवशीचे पीठ ‘शिल्लक’ म्हणून लिहितात आणि गावाच्या दिशेने हात जोडतात. तुमच्या धर्मग्रंथाचे मला ज्ञान नाही, पण त्यात याच्याशी जुळणारे काही असेलच.

केडगाव परिसर

आहे की! निर्गम, अध्याय 16 मधला मान्ना. रोज त्या दिवसापुरताच वेचायचा; हव्यासाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचून ठेवायची आज्ञा होती, आणि तो नासत नसे. साठवणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे त्या अध्यायावरून ठरवता येत नाही. कोणत्या दिवशी किती वेचायचे, हे कळणे महत्त्वाचे.

नगरकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चिठ्ठी काढून यजमानांसमोर ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतून 2,000 रुपये काढून दिले. ते त्यांनी स्वतःच्या मयतीच्या खर्चासाठी बाजूला ठेवले होते, हे मला माहीत आहे, म्हणून घेताना हात थरथरला. मी ते वहीत देणे म्हणून लिहिले आहे. त्या म्हणाल्या, “लिहू नकोस.” मी लिहिलेच.

मास्तर, अर्ज आज सकाळी दिला आणि शिक्कामोर्तब पोच घेतली. कारकून म्हणाले, साहेब सोमवारी येतील. पाळकांची भेट शुक्रवारी आहे. विवाह नोंदणीचा दाखला आमच्याकडे नाही. आमचे लग्न मंडळीत झाले, तेव्हाचा मंडळीचा दाखला आहे. तो महाविद्यालयात चालेल की नोंदणी कार्यालयाची प्रत वेगळी काढावी लागेल, एवढे कृपया सांगावे.