रोज खिशात ठेवायचा घडीचा चाकू : लॉकवाला की बिनलॉकचा?

सड्यावरचा

चार दिवसांपूर्वी आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एका नवीन मुलाने विचारलं, "रोज जवळ ठेवायला लहानसा घडीचा चाकू घ्यायचाय, कायद्यात बसेल असा. कोणता घेऊ?" तासाभरात लिंकांचा पाऊस पडला. त्यातले निम्म्याहून जास्त चाकू काळ्या पात्याचे, दातेरी, अंगठा लावला की फटकन उघडणारे. त्या मुलाचं वय एकोणीस. ते बघून मला काळजी वाटली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पातं ७ सेंटिमीटरच्या आत, लॉक (उघडलेलं पातं मिटू नये म्हणून असलेला अडसर) नाही, आणि उघडायला दोन्ही हात लागले पाहिजेत. रोजच्या वापराला असाच चाकू घ्यावा.

आमचं घर रत्नागिरीकडचं, आंब्याच्या कलमांची लहानशी नर्सरी. वडिलांच्या खिशात घडीचा चाकू नाही असा दिवस मला आठवत नाही. कोय कलम बांधताना बघितलंय का कुणी? कोवळं, तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा छाटायचा, उरलेल्या दांड्याला मधोमध चीर द्यायची. जोडायच्या चांगल्या जातीच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. काडीचा काप एका ओढीत झाला पाहिजे. दुसऱ्यांदा पातं फिरवलं तर काप वाकडातिकडा होतो, साल नीट भिडत नाही आणि कलम जगत नाही. हे सगळं काम वडील बोटाएवढ्या पात्याने करायचे. धार मात्र अशी, की मनगटावरचे केस उतरायचे. चाकूचं काम धारेवर असतं, लांबीवर नसतं, हे मी तिथेच शिकलो.

मी स्वतः ठाण्यात एसी बसवायचं काम करतो. इन्सुलेशन कापणं, टेप तोडणं, खोके उघडणं, दुपारी पेरू नाहीतर काकडी. बारा वर्षांत मला ७ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागलेलं नाही.

आता कायदा. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात, पाचव्या वर्गात, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. म्हणजे आपला लहान चाकू त्या यादीच्या आसपासही नाही. पण ९ इंचांची सूट आहे म्हणून ८ इंचांचा घेऊन फिरायचं, असा अर्थ कुणी काढू नये. तुमची बॅग उघडणारा शिपाई आधी वस्तूचं रूप बघतो. लाल मुठीचा, कात्री आणि बाटली-ओपनर असलेला चाकू आणि काळा दातेरी चाकू यांत त्याला लगेच फरक दिसतो, आणि मला तो फरक रास्त वाटतो.

घाटवाट_पुणे

पहिला अर्धा भाग पटला. लॉकच्या बाबतीत तुमच्याशी साफ असहमत.

२०१७ च्या डिसेंबरात रतनगडावर होतो. ताडपत्रीची सुंभाची दोरी कापायची होती, गाठ दगडाच्या खाचेत अडकलेली. हातात बिनलॉकचा स्विस पद्धतीचा चाकू. वरून पोहोचत नव्हतं म्हणून टोक खाली घालून उचकटत होतो. टोक अडकलं, मी हात मागे ओढला आणि पातं मिटलं ते सरळ तर्जनीवर. मधल्या पेराच्या खाली, आडवं. आधी दुखलंच नाही, नुसतं गरम लागलं. मग बोट वाकवायला गेलो तर जखम उघडली आणि आत पांढरं दिसलं. रुमाल आवळून तीन तास उतरलो, मग राजूरपर्यंत जीप. पाच टाके पडले. आजही थंडीत त्या बोटाचं टोक बधिर असतं.

तेव्हापासून ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा नंबर आठ चाकू वापरतो. ८.५ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, आणि मानेवर फिरणारी पोलादी कडी. कडी फिरवली की पातं मिटत नाही. ही कडी १९५५ पासून आहे, काही नवं फॅड नव्हे. शिवाय हा चाकू उघडायला दोन हात लागतातच आणि दिसायला स्वयंपाकघरातला वाटतो. तुमच्या तीनपैकी एक अट पूर्ण होते, आणि बोटही शाबूत राहतं. लॉक म्हणजे गुंडगिरीची खूण, असं समीकरण मांडू नका.

सड्यावरचा

बोटाचं वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या, बधिरपणा वाढला तर दाखवा.

लॉक म्हणजे गुंडगिरी असं मला म्हणायचं नाही. पण तुमचाच प्रसंग बघा. पातं मिटलं ते कापताना नव्हे, उचकटताना. बिनलॉकच्या चाकूत पाठीला एक पट्टीची स्प्रिंग असते, तिच्या ताणावर पातं उभं राहतं. धारेच्या बाजूने दाब दिला की ते आणखी उघडं राहायला बघतं. पाठीवर दाब आला किंवा टोक खुपसून ओढलं की मिटतं. वडिलांनी आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: घडीच्या चाकूने भोसकायचं नाही, उचकटायचं नाही, भोक पाडायचं नाही. त्याला टोच्या घ्यावा. लॉक असलं की माणूस या तिन्ही गोष्टी बिनधास्त करायला लागतो, आणि मग एक दिवस लॉकच दगा देतं. स्वस्तातल्या लायनर लॉकची (मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याला अडवते तो) पट्टी घासून सरकलेली मी साइटवर दोनदा पाहिली आहे.

ओपिनेलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. कडीची रचना त्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. पण रोज खिशात ठेवायचा तर त्याच कंपनीचा नंबर पाच बघा. ६ सेंटिमीटर पातं, कडी नाही. कडी नंबर सहापासून पुढे येते.

माहेर_पोलीस_लाइन

तुम्ही दोघं लॉकवर भांडताय, मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. शहरात राहणाऱ्या माणसाने रोज चाकू कशाला बाळगायचा?

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून पोलिसांची बाजू मला ठाऊक आहे. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात काय झालं तेही सांगते. माझा भाचा, कॉलेजचा मुलगा, विसर्जनाच्या आदल्या रात्री मित्राच्या मागे गाडीवर बसून येत होता. नाकाबंदीत बॅग तपासली. आत ट्रेकची सॅक तशीच, तिच्या बाजूच्या कप्प्यात घडीचा चाकू, ३ इंचांचाही नसेल. शहरात त्या आठवड्यात मनाई आदेश होता. पोरगा रात्री दीडपर्यंत चौकीत. माझी बहीण आणि मेव्हणे जाऊन बसले, ट्रेकचे फोटो दाखवले, तेव्हा समज देऊन सोडलं. त्याने काहीच केलं नव्हतं. पण तो पुढचे कितीतरी दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही, आणि ते मी जवळून पाहिलंय.

पुण्यात कोयत्याच्या एवढ्या बातम्या आल्यावर नाकाबंदीतल्या पोलिसाने चाकूकडे दुर्लक्ष करावं असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार? तुमचं एसीचं काम आहे, तुमच्या हत्यारांच्या पेटीत चाकू शोभतो. सांगायला कारण आहे. ऑफिसात बसणाऱ्याला दुधाची पिशवी फोडायला कात्री पुरते.

कोर्टनाका

वकिली करतो, म्हणून एवढंच. वरच्या प्रतिसादातला मनाई आदेश म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). त्यात पात्याची लांबी वगैरे काही नाही. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू, एवढी रुंद व्याख्या आहे. सण, निवडणूक, मोर्चे असले की आयुक्तालयं आणि जिल्हा प्रशासन हे आदेश काढतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, त्या वाचायची सवय ठेवा. म्हणजे "९ इंचांच्या आत, सगळं माफ" हे अर्धंच खरं.

दुसरं, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरती वेगळी अधिसूचना काढू शकतं. दिल्लीत १९८० पासून तशी आहे. स्प्रिंगचे, बटणदार, गरारीदार (उघडताना दात्यांत अडकत जाणारे) किंवा यांत्रिक खटक्याने उघडणारे-मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं, तर परवाना लागतो. दिल्लीच्या कोर्टांत या एका अधिसूचनेवर खटल्यांचा ढीग आहे. तेव्हा ठाण्यातला खिसा दिल्लीला जसाच्या तसा नेऊ नका. विमानात तर हातातल्या सामानात नाहीच. चेक-इनच्या बॅगेत, पातं गुंडाळून.

कर्जत_फास्ट

मी रात्रीच्या लोकलने येते, बायकांच्या डब्यात कधीकधी दोघीच असतो. आई म्हणते चाकू ठेव. या धाग्यावर सगळे पेरू आणि दोऱ्यांबद्दल बोलताहेत, माझ्यासारखीने काय करायचं?

माहेर_पोलीस_लाइन

@कर्जत_फास्ट, ताई, माझ्या वडिलांना मी हाच प्रश्न विचारला होता, कारण मीही कल्याणहून रात्री यायचे. ते म्हणाले, चाकू पर्समधून काढायला, उघडायला जेवढा वेळ जाईल तेवढ्यात समोरचा तुझा हात धरेल, आणि मग चाकू त्याच्या हातात असेल. शिट्टी गळ्यात ठेव, फोनवर ११२ आणि रेल्वेचा १३९ वर ठेव, गार्डच्या जवळचा डबा धर. मी दहा वर्षं तसंच केलं. आईंची काळजी अगदी खरी आहे, पण चाकूने ती कमी होणार नाही.

सड्यावरचा

हे अक्षरशः खरं आहे. स्वसंरक्षणासाठी म्हणून चाकू घ्यायचा असेल तर माझा पहिला प्रतिसाद विसरा आणि घेऊच नका. आणि "कशाला ठेवलाय" असं कुणी विचारलं आणि तुम्ही "संरक्षणासाठी" म्हणालात, तर त्या क्षणी तुम्हीच त्या अवजाराला हत्यार म्हटलंत.

भाच्याचं वाचून वाईट वाटलं. माझी एक सवय सांगतो: ट्रेकहून आलो की चाकू सॅकमधून काढून स्वयंपाकघराच्या खणात. सॅकेत विसरलेला चाकू सगळ्यात धोक्याचा. गणपती, निवडणूक, मोर्चा असेल तर कामाच्या पेटीतही फक्त कटर. पण शहरात कुणालाच गरज नाही हे नाही पटत. माझ्या शेजारच्या आजोबांना संधिवात आहे. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, कुरिअरचा टेप, सगळं ते २१ ग्रॅमच्या ५८ मिलिमीटर स्विस चाकूने करतात, किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा का?

टेम्सकाठचा_सांगलीकर

इंग्लंडमध्ये राहतो. घाटवाट, तुमचा नंबर आठ घेऊन इथे उतरू नका. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टप्रमाणे घडीचा चाकू विनाकारण खिशात चालतो, पण धार ३ इंचांपर्यंतच, म्हणजे ७.६२ सेंटिमीटर. आणि १९९३ च्या निकालापासून लॉक होणारा चाकू हा "घडीचा चाकू" धरलाच जात नाही. पातं इंचभराचं असलं तरी लॉक असेल तर सबळ कारण द्यावं लागतं. क्रेडिट कार्डासारखे दिसणारे घडीचे चाकू तर इथे छुपी हत्यारं म्हणून सरळ बंदीत आहेत, आणि भारतातून येणाऱ्या पोरांच्या पाकिटात मी ते पाहिलेत. कृपया घरी ठेवून या.

चाकूवरून इथे किती कोवळी मुलं गेलीत ते रोज ऐकतो. त्यामुळे सड्यावरच्यांची बिनलॉकची अट मला मनापासून पटते. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्ससारख्या कंपनीनेही २०२४ मध्ये सांगितलं की बिनपात्याच्या खिशातल्या अवजारावर त्यांचं काम चालू आहे. १८९७ पासून अधिकाऱ्यांचा चाकू बनवणाऱ्या घराने असं म्हणावं, यावरून वारं कुठे वाहतंय ते कळतं.

सड्यावरचा

धन्यवाद, हे मला माहीत नव्हतं.

कोकणवाल्यांसाठी एक राहिलं. कार्बन पोलादाचं पातं घेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी. धार सुरेख लागते, पण कांदा कापला की काळं पडतं आणि जुलैत रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबेरा. स्टेनलेस घ्या, महिन्यातून एकदा बारीक दगडावर पाणी टाकून सात-आठ ओढी दोन्ही बाजूंनी, सांध्यात खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल एक थेंब. खोबरेल थंडीत थिजतं आणि कचरा धरतं.

घाटवाट_पुणे

आज पट्टी घेऊन बसलो. नंबर आठ: मुठीपासून टोकापर्यंत ८.५ सेंटिमीटर बरोबर. म्हणजे इंग्लंडला नाही, आणि दिल्लीला नेऊन कडीवर वाद घालत बसायची माझी इच्छा नाही. नंबर पाच मागवतोय, शहरात खिशात तो राहील.

पण डोंगरात कडीवालाच. सुंभ, ताडपत्री, ओली लाकडं आणि थंडीने आखडलेली बोटं असताना "धारेच्या बाजूनेच दाब द्या" हे लक्षात राहत नाही, सड्यावरचे. तुमच्या वडिलांचा हात वेगळा, माझा वेगळा. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला काय सांगितलंत ते कळवा.

सड्यावरचा

रविवारी तो ठाण्यातच भेटला. माझा घेऊन पेरू कापून बघ म्हटलं. पहिल्यांदा उघडताना नखाची खाच त्याला सापडेना, मग सापडली. चाकू अजून त्याच्याकडेच आहे, महिनाभर वापरून मग ठरव असं सांगितलंय. ट्रेकला येताना तुमची कडी त्याला दाखवा.