चालू ट्रायलचे आकडे मधातच पाहणं लबाडी कशी काय?

गडचिरोलीवाला: काल इथं एका सरांनी लिहिलं, 'चालू ट्रायलचे आकडे मधातच उघडणं म्हणजे शुद्ध लबाडी.' सर, सिकलसेल या रक्ताच्या आजारावर हायड्रॉक्सियुरिया या औषधाची अमेरिका-कॅनडातली ट्रायल, २९९ रुग्णांची, जानेवारी १९९५ मध्ये वेळेआधी थांबवली. मधात पाहिलं तर औषध घेणाऱ्यांचे दुखण्याचे झटके जवळपास निम्मे झाले होते. न पाहता बाकीच्यांना खोट्या गोळीवरच ठेवायचं होतं का? माझा भाचा झटका आला की गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडते. त्याले सांगा लबाडी.

वर्धेचा मास्तर: भाऊ, पोराचं दुखणं समजतो. पण औषधात काहीच दम नसला, तरी पाचदा आकडे पाहून दर वेळी पाच टक्क्यांचीच चाळणी लावली, म्हणजे योगायोगानं चूक व्हायची पाच टक्के मुभा ठेवली, तर खोटा फायदा दिसण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. पहिल्या वेच्यावरून पऱ्हाटीचं वाण ठरवता का तुम्ही? लवकर फुटणारं वाण तेव्हा पुढंच दिसणार.

गडचिरोलीवाला: पऱ्हाटीले दुखत नाही, सर. अन् चाळणीचं म्हणाल तर ओब्रायन-फ्लेमिंगची रीत १९७९ पासून आहे: सुरुवातीला लय कडक, शेवटी जवळपास नेहमीची. आकडे पाहते तेही वेगळी समिती. १९८९ मध्ये 'कास्ट' ट्रायलमधली दोन औषधं मधातच बंद केली, कारण हृदयाचे ठोके नीट करायला दिलेली तीच औषधं घेणारे जास्त मरत होते. तिथंही शेवटपर्यंत वाट पाहायची होती?

आशाताई, यवतमाळ: समिती राहू द्या बाजूला. गावातून रक्त नेतात, पुढं काय झालं हे सांगायला कोण येते? रेशनच्या रांगेत बाया मलेच धरतात, 'ताई, पोरीचा रिपोर्ट?'

दर्यापूरचा शेतकरी: बरोबर बोलल्या ताई. माझ्या वावरात एका बियाणं कंपनीनं प्लॉट घेतला, पाटी ठोकली, कापूस तोलून नेला. निकाल विचारला तर फोन उचलत नाहीत!

वर्धेचा मास्तर: विषय भरकटतो आहे. बियाण्यासाठी वेगळा धागा काढा.

आशाताई, यवतमाळ: तुमच्यासाठी भरकटते, सर. पुढच्या सर्व्हेले त्याच दारात मलेच उभं राहा लागते.

वर्धेचा मास्तर: बरं. नियम आधी लिहून ठेवले असतील अन् पाहणारे वेगळे असतील, तर लबाडी म्हणणार नाही. पण फायदा दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या ट्रायलमध्ये तो फायदा बरेचदा फुगलेला असतो, हे मी सोडणार नाही.

गडचिरोलीवाला: नका सोडू. पण निकाल गावात केव्हा सांगणार, हेही त्याच कागदावर आधीच लिहा.

आशाताई, यवतमाळ: अन् ग्रामसभेत सांगा. सरपंचाच्या ओसरीवर नाही.