गाडी ‘टोटल लॉस’ झाली, पुढं काय झालं? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जुळेसोलापूरकर

गळीत हंगामात रात्री पुणे रोडला गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०२५ चा जानेवारी, गड्ड्याची जत्रा चालू होती, आम्ही इंदापूरहून परत येत होतो. मोहोळ मागं पडलं आणि समोर उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ना दिवा, ना रेडियम. आम्ही चौघं वाचलो. गाडीला तोंड राहिलं नाही.

वर्कशॉपचं इस्टिमेट आलं ३,७१,००० रुपये. विमा पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, ४,६२,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. माझी रेघ होती ३,४६,५०० ची, ती ओलांडलेली, त्यामुळे तिथं वाद नव्हता. वाद आला आठ दिवसांनी, विमा कंपनीच्या फोनवर. ‘सर, तुमच्या मॉडेलला सेकंडहँड बाजारात ३,९०,००० च्या वर कोणी देत नाही. तेवढ्यात मिटवू, आठवड्यात पैसे.’

हप्ता घेताना ४,६२,००० चा घेतला आणि देताना बाजार आठवला! तरी मी ‘हो’ म्हणणारच होतो. पाय प्लास्टरमध्ये, डोकं ठिकाणावर नाही. बायकोनं पॉलिसीची ती बारीक अक्षरांची पानं वाचून काढली. आम्ही लग्नाची पत्रिकासुद्धा पूर्ण वाचत नाही, पण तिनं वाचली. त्यात स्पष्ट होतं: टोटल लॉसच्या दाव्यात पॉलिसीच्या मुदतीपुरता आयडीव्ही हाच बाजारभाव धरायचा, त्यातून पुन्हा घसारा कापायचा नाही. त्या पानाचा फोटो जोडून मेल टाकला आणि फोनवर बोलणं बंद केलं. जो काही फोन येईल त्याला एकच उत्तर, ‘हेच मेलवर लिहून पाठवा.’ ३,९०,००० चा आकडा मेलवर लिहायला कुणी तयार झालं नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र टाकलं आणि पाचव्या आठवड्यात ४,६१,००० खात्यात. हजार कापले ते कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात मालकानं सोसायची रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला कापतातच. त्याच्यासाठी भांडू नका.

तुमचंही लिहा. ज्यांचं फसलं त्यांनी तर जरूर. कंपनी, एजंट, वर्कशॉप यांची नावं मात्र नकोत.

सीनाकाठचा

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. सप्टेंबर २०२५ ला सीनेला पाणी आलं तेव्हा लांबोटीला हायवेच बंद होता, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येणार कुठून? गाडी शेडमध्ये, पाणी डॅशबोर्डला लागलेलं. जनावरं सोडवायची का गाडी बघायची, तुम्हीच सांगा. पाणी उतरल्यावर एकच शहाणपण केलं, चावीला हात लावला नाही. सीटवर, दारावर चिखलाची जी रेघ उठलेली ती धुवायच्या आत फोटो काढून घेतले. चुलतभावानं मात्र ‘बघू की चालू होते का’ म्हणून स्टार्टर मारला. इंजिनात पाणी, रॉड वाकला. त्याला कंपनीनं सांगितलं, हे इंजिन पुरानं नाही, तुमच्या हातानं गेलं. इंजिन प्रोटेक्टचं कव्हर नव्हतं, मग काय.

माझा वाद वेगळाच. मला टोटल लॉस पाहिजे होता, कंपनीला दुरुस्ती. आयडीव्ही ४,१०,०००, म्हणजे रेघ ३,०७,५०० ला. वर्कशॉपचं इस्टिमेट ३,५५,०००, सर्व्हेअरनं छाटून आणलं २,९८,००० वर. सीटा ‘साफ करून चालतील’, वायरिंग ‘वाळवून चालेल’. अहो, नदीचा गाळ तो, वाळवून काय चालतोय! आणि दुरुस्ती झाली असती तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा माझ्या खिशातून, कारण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नाही. टोटल लॉसला तो प्रश्नच येत नाही. म्हणून तर सगळी ओढाताण त्या रेघेपाशी असते.

वर्कशॉपचा सुपरवायझर भला माणूस निघाला. म्हणाला, गाडी उघडायची परवानगी लेखी द्या, उघडल्यावर जे दिसेल त्याचं पुरवणी इस्टिमेट काढतो, सर्व्हेअरला परत बोलवा. डॅशबोर्ड खोलला तर कंट्रोल युनिटच्या पिना हिरव्या पडलेल्या. सर्व्हेअरनं स्वतः बघितलं, आकडा ३,३८,००० वर गेला. टोटल लॉस.

पाकणी

माझं फसलेलं घ्या. जुनी गाडी विकत घेतली, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एजंटनं माझ्या पॉलिसीत तसाच चालवला, ३५ टक्के. मला वाटलं, स्वस्तात बसवून दिली, हुशार माणूस. बोनस गाडीला नसतो, माणसाला असतो, हे टोटल लॉस झाल्यावर कळलं. प्रपोजल फॉर्मवर सही माझी. दावा नामंजूर. एजंट आता फोन उचलत नाही, रस्त्यात दिसला तर गल्ली बदलतो.

टॉवेलवाली

आमचा पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना. गाडी सात वर्षांची, आयडीव्ही ३,२०,०००. अक्कलकोट रोडला टँकरनं मागून दाबली. टोटल लॉस ठरला, पण कंपनी म्हणाली, गाडीचा सांगाडा तुम्हीच ठेवा, ऑनलाइन बोलीत त्याची किंमत १,४०,००० आली आहे, ती वजा करून १,७९,००० देतो.

यजमान म्हणाले, घेऊन टाकू. मी म्हटलं, आधी भंगारवाल्याला तर विचारू. तिघांना दाखवलं. सर्वात जास्त ८५,०००, तेही घासाघीस करून. मग मी कंपनीला लिहिलं: १,४०,००० देणारा माणूस तुमचाच आहे ना? त्यालाच सांगाडा द्या, मला पूर्ण पैसे द्या. उत्तर आलं की त्या बोलीची मुदत संपली. म्हणजे बोली गेली, पण माझ्या पैशातून वजा करायला आकडा तेवढा जिवंत!

कंपनीकडे लेखी तक्रार केली, महिनाभर वाट बघितली. कंपनीचं उत्तर आलं नाही तर ही वाट बघावीच लागते, त्याआधी विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) अर्ज घेत नाहीत. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो. फी नाही, वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, मागं लूमचा खडखडाट चालू, मला सारखं ‘एक मिनिट हं’ म्हणून दार लावावं लागत होतं. मी तीन कागद दाखवले: बोलीची तारीख, ती मला कळवल्याची तारीख, आणि बोलीची मुदत संपल्याची तारीख. मला कळवलं तेव्हा बोलीला दोन दिवस उरले होते. कंपनीच्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं.

निकाल आमच्या बाजूनं. सांगाडा कंपनीनं उचलायचा, ३,१९,००० द्यायचे. महिन्याच्या आत आले. वर्कशॉपचे पार्किंगचे ११,००० मात्र आमच्याच बोकांडी बसले, ते मी अर्जात मागायलाच विसरले होते.

बाळीवेस

आम्ही सही करून मोकळे झालो. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर. ६०,००० कमी मिळाले असतील. नंतर वकील म्हणाले, सही दबावाखाली घेतली हे दाखवता आलं तर ग्राहक आयोग ऐकून घेतो, नुसत्या सहीनं हक्क जात नाही. पण दबाव कसला? मला घाई होती, मुलीचं लग्न होतं. ते काय दबाव म्हणून लिहिणार?

माजी सर्व्हेअर

वरच्या सगळ्यांत सर्व्हेअर म्हणजे कात्री घेतलेला माणूस. तीस वर्षं हेच काम केलं म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

इस्टिमेट फुगवून येतं, हे वर्कशॉपच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पाच वर्षांपूर्वीचा डेंट आजच्या अपघातात घुसवतात. घरची गाडी म्हणून पॉलिसी आणि रोज तुळजापूरला वडाप! अपघातानंतर आत बसलेले नऊ जण सगळे ‘पाहुणे’. अशा दाव्यात कंपनी हात वर करते तेव्हा सगळंच चुकीचं नसतं.

आयडीव्हीचं म्हणाल तर रडायची वेळ अपघातानंतर नसते, नूतनीकरणाच्या दिवशी असते. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे, तिसरं वर्ष संपून चौथं चालू असेल तर ४० टक्के, चौथं संपून पाचवं चालू असेल तर ५०. पाच वर्षांपुढे आकडा तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. लोक मोबाइलवर सर्वात खालचा आकडा निवडतात, सात-आठशे रुपये वाचवतात आणि लाखाला मुकतात. मग आम्ही वाईट.

आता तुमच्या कामाचं. आमच्या अहवालाची प्रत मागा, ती मिळते. अहवाल काही दगडावरची रेघ नाही, कोर्टांनी तो बाजूला ठेवल्याची उदाहरणं आहेत, फक्त ‘अन्याय झाला’ म्हणून चालत नाही, कोणती ओळ चूक ते दाखवावं लागतं. २०२४ च्या नियमांप्रमाणे नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल आणि तो मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय यायला हवा.

सीनाकाठचा

साहेब, तुमचं पटतंय. पण वायरिंग वाळवून चालेल असं तुम्ही तरी लिहिलं असतं का?

माजी सर्व्हेअर

नसतं लिहिलं.

विजापूररोड

कर्जाच्या गाडीचं कोणी लिहिलं नाही. आयडीव्ही ४,८०,०००, बँकेचं येणं ५,१०,०००. पैसे आधी बँकेला जातात. गाडी नाही, हातात रुपया नाही, वर ३१,००० चं देणं. रिटर्न टू इनव्हॉइसचं, म्हणजे गाडीची खरेदी किंमत परत देणारं, कव्हर पहिल्या वर्षी होतं, दुसऱ्या वर्षी मीच काढून टाकलं.

होटगीरोड

पैसे मिळाले म्हणजे संपलं असं समजू नका. बोलीवाला सांगाडा घेऊन गेला, जाताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन गेला. चार महिन्यांनी मला मोबाइलवर चलान, माझ्याच एमएच १३ नंबरवर, कर्नाटकातलं. म्हणजे गाडी दुरुस्त होऊन पळाय लागली होती! आरटीओ, कंपनी, बोलीवाला असं तिकाटणं फिरलो. सांगाडा दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती होती म्हणून वाचलो. त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर आधी माझ्याच दारात पोलीस.

मुरारजीपेठ

ग्राहक आयोगाबद्दल थोडकं. दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आता कोणत्या आयोगात जायचं ते भरलेल्या हप्त्यावर ठरतं, दाव्याच्या रकमेवर नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना जिल्हा आयोग पुरतो आणि फी लागत नाही. वेळ मात्र लागतो. माझी केस लागली तेव्हा पोरगं आठवीत होतं, निकाल लागला तेव्हा दहावीचा अभ्यास करत होतं. पैसे व्याजासकट मिळाले. लोकपालांकडे आधी गेलो असतो तर बरं झालं असतं, कारण तिथं नाही पटलं तर आयोग मोकळा असतो. आयोगात केस घातल्यावर मात्र उलटं जाता येत नाही.

केगाव

माझं आत्ता चालू आहे. गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये, ते रोजचे ४०० पार्किंग मागतायत. कंपनीचा माणूस उद्या कागद घेऊन घरी येतोय, ‘फक्त एक सही’ म्हणाला. करू का?

जुळेसोलापूरकर

करू नका. कागदावर रक्कम लिहिलीय का ते आधी बघा, कोरी असेल तर चहा पाजून परत पाठवा. लिहिलेली असेल तर फोटो काढा आणि दोन दिवस मागा. पार्किंगचं आजच कंपनीला मेल करा, उशीर कुणामुळे होतोय ते तारखांसकट. वरच्या ताई ते मागायचं विसरल्या, तुम्ही विसरू नका. आयडीव्ही किती आहे?

केगाव

५,०५,०००. ते ४,२५,००० म्हणतायत.

जुळेसोलापूरकर

फोनवर म्हणतायत की लिहून?

केगाव

फोनवर.