आजोबांच्या रोजनिश्या: काय राखावे, कसे राखावे आणि कोणाला दाखवावे?

प्रश्न – तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. आमचे मूळ गाव चोपडा तालुक्यात तापीच्या काठी आहे. माझे आजोबा, ज्यांना सारे घर आप्पा म्हणत असे, लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षक होते आणि शाळा सांभाळून घरची शेतीही पाहत असत. १९३४ पासून १९७१ पर्यंत त्यांनी जवळजवळ अखंड रोजनिशी लिहिली. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत मांजरपाटात बांधलेल्या तीसएक वह्या मिळाल्या. आरंभीच्या वह्या मोडीत आहेत, १९४२ च्या सुमारास आप्पा बालबोधीत (देवनागरीत) लिहू लागले, आणि अखेरची काही वर्षे छापील डायरीत बॉलपेनने लिहिलेली आहेत. काही पानांना कसर लागली आहे, दोन वह्यांवर धाब्यातून झिरपलेल्या पाण्याचे डाग आहेत, आणि मध्ये लावलेल्या टाचण्या गंजून कागदात रुतल्या आहेत.

बहुतेक नोंदी अगदी लहान आहेत. उदाहरणार्थ: ‘भाद्रपद वद्य ३. पहाटे शिरवा. कपाशीस बोंडे. सालदारास ८ आणे उचल. शाळेत पट ४१, हजर १७, बाकी निंदणीस. धाकट्याचा ताप उतरला.’ मात्र डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा आप्पा तेथे गेले होते आणि त्या दिवसांची पाने त्यांनी भरभरून लिहिली आहेत.

घरात यावर एकमत होत नाही. काकांचे म्हणणे असे, की फैजपूरची पाने तेवढी छापून घ्यावीत आणि बाकीच्या वह्या रीतसर तापीत सोडाव्यात, कारण त्यांत पाऊसपाणी आणि हिशेब यांखेरीज काही नाही. आत्यांना भाऊबंदकीची पाने फाडून टाकायची आहेत, कारण बांधावरून झालेली भांडणे आणि कोणाला किती उसने दिले याच्या नोंदी त्यांत नावानिशी आहेत. भावाने सगळी पाने लॅमिनेट करावीत असे सुचवले आहे. मला एकही पान गमवायचे नाही, पण घरच्या वडीलधाऱ्यांना दुखवायचेही नाही. कृपया मार्गदर्शन करावे. शिवाय या वह्या वाचल्यापासून मीही रोज लिहावे असे वाटू लागले आहे. त्यासाठी कागद आणि शाई कोणती घ्यावी, हेही सांगावे.

उत्तर १ – निवृत्त ग्रंथपाल (धुळे)

ताई, सर्वांत आधी लॅमिनेशनचा विचार सोडून द्या. उष्णतेने प्लास्टिक कागदाला एकदा चिकटले, की ते पुन्हा सुखरूप निघत नाही, आणि आतला कागद खराब होत राहिला तरी पुढे कोणालाही त्यावर उपचार करता येत नाहीत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टीही लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. जुन्या कागदावर करायचे काम पुढे उलटवता येईल असेच असावे, हा नियम धरून चाला. शंका असेल तेथे काहीही न करणे हेच उत्तम.

टाचण्या मात्र काढाव्या लागतील, कारण गंज पसरतो आणि त्याभोवतीचा कागद ठिसूळ होऊन भोक पडते. टाचणी ओढून काढू नका. पानाच्या दोन्ही बाजूंना जाडसर कागदाचा कपटा सरकवून ती हलक्या हाताने सैल करा. रुतून बसली असेल तर राहू द्या. धूळ मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे झटकावी. पाण्याने चिकटलेली पाने सुरीने सोडवण्याच्या भरीस पडू नये, ते काम जाणकाराचे आहे.

आपल्या खानदेशात हवेचा त्रास दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कागद कोरडा पडून कडक होतो. पुढे श्रावण-भाद्रपदात तोच कागद ओल शोषतो आणि बुरशीला व कसरीला आयते निमंत्रण मिळते. म्हणून वह्या धाब्याखालच्या वरच्या फळीवर नकोत आणि जमिनीलगतही नकोत. बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात मधल्या खणात त्या आडव्या ठेवा आणि एकावर एक तीनचारच रचा. पत्र्याची पेटी वापरायचीच असेल तर तिच्या आत कापड किंवा पुठ्ठा घालावा आणि ती लाकडी पाटावर ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत वही घट्ट बांधली तर आतली ओल आतच राहते. आप्पांनी वह्या मांजरपाटात बांधल्या होत्या, ती पद्धत चांगलीच आहे. नवे मांजरपाट घेतले तर ते आधी दोनतीनदा धुऊन त्याची खळ काढून टाका, कारण कसरीला खळ फार आवडते. वह्यांना ऊन देण्याची आपल्याकडे रीत आहे. उन्हाने शाई उडते, म्हणून वह्या सावलीत, वाऱ्यावर उघडाव्यात. डांबर गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवण्यास हरकत नाही, पण खरा उपाय म्हणजे दर दोनतीन महिन्यांनी वह्या उघडून पाहणे.

यांपैकी काहीही करण्याआधी प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्या. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी वही ठेवून मोबाइल बरोबर वरून धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. कोरी पाने, मलपृष्ठ आणि मध्ये ठेवलेल्या पावत्या-चिठ्ठ्यासुद्धा त्याच क्रमाने टिपा, कारण चिठ्ठी कोणत्या दोन पानांमध्ये होती हीसुद्धा माहितीच असते. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय पुरेसे आहे, शाई फिकी असेल तेथे ६०० ठेवा. मात्र वहीची शिवण काचेवर दाबू नका. प्रतींचे तीन संच करा आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. केवळ पेनड्राइव्हवर विसंबू नका.

उत्तर २ – मोडीवाचक (अमळनेर)

ग्रंथपालसाहेबांनी जतनाचे सविस्तर सांगितले आहेच, मी वाचनापुरते लिहितो. शिक्षकाचे अक्षर बहुधा वळणदार आणि एकसारखे असते, त्यामुळे आप्पांची मोडी लवकर हाती लागेल असे वाटते. जुनी सरकारी कागदपत्रे सांभाळणारे आपल्या राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. घरातल्या एखाद्या तरुणाने तो वर्ग केला तर सर्वांत उत्तम. आप्पांनी १९४२ च्या आगेमागे बालबोधीत लिहिलेली पाने समोर ठेवावीत, कारण माणसांची, शेतांची आणि गावांची नावे दोन्हीकडे तीच असतात आणि नावांवरून अक्षरे उकलत जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात. त्यामुळे लिप्यंतर करताना आहे तसे उतरवा, शुद्ध करून लिहू नका. अहिराणी शब्द आला तर तोही तसाच राहू द्या.

हिशेबाच्या आकड्यांत विशेष जपावे. ‘२॥’ असे लिहिले असेल तर ते अडीच रुपये होत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. नवख्या वाचकाला त्या रेघा विरामचिन्हे वाटतात आणि तो अडीचचे दोन करून बसतो. साऱ्या वर्षाचा जमाखर्च मग जुळत नाही.

ज्या वह्यांवर साल नसेल त्यांचा काळ आतल्या मजकुरावरून ठरवता येतो. शके असेल तर ७८ मिळवा आणि नोंद जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९. व्यापाऱ्याच्या पावतीवर संवत असेल तर दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, पुढे ५६. आणे-पै जाऊन ‘नये पैसे’ दिसू लागले की नोंद १ एप्रिल १९५७ नंतरची समजावी, कारण दशमान नाणी त्या दिवशी आली. त्यातला ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. आलेल्या पत्रांवर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असा पत्ता असेल तर ती साधारणपणे १९६० पूर्वीची आहेत. तिथीची खात्री मात्र त्या वर्षीच्या पंचांगावरूनच करावी.

उत्तर ३ – गिरणाकाठ (भडगाव)

मला काय राखावे याविषयी बोलायचे आहे, आणि येथे मी काकांशी आदरपूर्वक पण स्पष्टपणे असहमत आहे.

फैजपूरचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन. त्याची हकीकत वर्तमानपत्रांत आली, अहवालांत आली, पुढाऱ्यांच्या आठवणींत आली. आप्पांची पाने त्यात मोलाची भर घालतील यात शंका नाही, परंतु ती नसती तरी फैजपूर इतिहासात राहिलेच असते. याउलट, भाद्रपदातल्या एका सकाळी तुमच्या गावच्या शाळेत पटावर ४१ मुले असताना १७ च हजर होती आणि उरलेली निंदणीला गेली होती, हे आप्पांनी लिहिले नसते तर आज कोणालाही कळले नसते. शाळेचे हजेरीपत्रक कोठे मिळाले तरी त्यात गैरहजेरीचा आकडा असेल. मुले कोठे गेली होती याचे उत्तर त्यात नसणार. सालदाराची, म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेल्या गड्याची, उचल घ्या. आपल्याकडे सालदारकीचा करार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो, आणि ठरलेली रक्कम, वर धान्य किती, कपडे कोणते, मध्ये उचल किती, हे सारे तोंडी ठरत असे. ज्याच्या घामावर शेती चालली त्याचे नाव आणि त्याच्या हाती पडलेले आठ आणे फक्त अशा वहीतच सापडतात. वर्षानुवर्षांच्या या नोंदी ओळीने लावल्या, तर मजुरी, दादरचा (रब्बी ज्वारीचा) भाव, कपाशीचा उतारा आणि पाऊस यांचा परस्परसंबंध एका गावापुरता तरी हाती येईल. त्यासाठी नोंदी सलग हव्यात. निवडक पाने राखली तर उरलेल्या हिशेबाला अर्थ राहत नाही. ‘पाऊस नाही’ एवढेच लिहिलेली ओळसुद्धा म्हणूनच काढून टाकण्याजोगी नाही.

आता आत्यांची काळजी. ती मला रास्त वाटते, आणि घरातल्या तरुणांनी ती हसण्यावारी नेऊ नये. उसने नेणाऱ्यांची नातवंडे आज त्याच गल्लीत राहत असतील, आणि आजोबांच्या वेळची नड चारचौघांत वाचली जाणे कोणालाही आवडणार नाही. पण राखणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वही अखंड ठेवावी. सर्वांसाठी जी प्रत कराल तीत अशी नावे झाकावीत आणि ती झाकली आहेत हे तेथे लिहावे. अगदीच नाजूक भाग असेल तर त्याची छायाचित्रे वेगळ्या पाकिटात बंद करून, ते कोणत्या वर्षी उघडावे हे आत्यांच्याच हाताने वर लिहून घ्यावे. पाने फाडण्याची गोष्ट निघते ती बहुधा ती उद्याच बाहेर येतील या भीतीपोटी. ती भीती दूर झाली तर आत्या स्वतःच वही सांभाळतील.

छापण्याचा निर्णयही काकांनी एकट्याने घेण्यासारखा नाही. लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाचा हक्क वारसांकडे जातो, आणि आपल्या कायद्याप्रमाणे तो पहिल्या प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. वारसांत आत्याही आल्या. सर्वांची लेखी संमती आधीच घ्या.

आणखी एक सुचवतो. आप्पांच्या नोंदींत तुमच्या आजींविषयी किती आहे ते पाहा. त्या पिढीच्या रोजनिशीत बैलाचे नाव असते, विहिरीच्या पाण्याची खोली असते, आणि पत्नी ‘घरातून’ एवढ्या शब्दात आटोपते. आत्यांपुढे एकेक वही वाचून दाखवा आणि त्या जे सांगतील ते अहिराणीतच ध्वनिमुद्रित करून घ्या. कानबाईचे (खानदेशातल्या देवीच्या सणाचे) रोट किती दळले, आखाजीला झोका कोणत्या झाडाला बांधला, धाकट्याच्या तापात रात्री कोण जागले, हे आप्पांच्या वहीत नसेल पण आत्यांना ठाऊक असेल.

तापीकाठ (चोपडा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे काकांना आणि आत्यांना वाचून दाखवली. काकांनी वह्या तापीत सोडण्याचा विचार तूर्त थांबवला आहे. हजेरीची नोंद ऐकून त्या वर्गात आपणही होतो असे ते म्हणाले आणि वहीतली आणखी पाने त्यांनी स्वतःहून मागून घेतली. आत्यांना पाकिटाची कल्पना मान्य आहे, मात्र त्यांनी २०५० हे साल सांगितले आणि त्यावर त्या ठाम आहेत. मला ते मान्य आहे. भाऊ छायाचित्रांचे काम घेणार आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत: मूळ वह्या पुढे एखाद्या संस्थेकडे द्याव्यात का, आणि माझ्या स्वतःच्या वहीचे काय?

निवृत्त ग्रंथपाल (धुळे)

संस्थेला द्याव्यात, पण घाई नको. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. दोन्ही ठिकाणी आधी नुसते जाऊन या, तेथील मंडळींशी बोला आणि आपल्या वह्यांची यादी दाखवा. पुढे कोठेही दिल्या तरी दानपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: संच फोडला जाणार नाही, कुटुंबाला केव्हाही पाहता येईल, आणि आत्यांचे पाकीट २०५० पर्यंत उघडले जाणार नाही. घरी ठेवणार असाल तर वह्या कोणाकडे राहतील हे लेखी असू द्या, म्हणजे वाटणीच्या वेळी त्या दोन घरांत विभागल्या जाणार नाहीत.

तुमच्या वहीसाठी शिवलेली, जाड कागदाची वही घ्या. स्पायरलची पाने निसटतात आणि वृत्तपत्री कागद लवकर पिवळा पडतो. शाई निळी-काळी, कायम टिकणारी घ्यावी. धुऊन जाणारी निळी शाई उजेडाने फिकी होते आणि पाण्याच्या एका थेंबाने पसरते. तारीख पूर्ण लिहा, सालासकट. माणसाचा पहिला उल्लेख येईल तेथे नाते लिहा. मोबाइलवर लिहीत असाल तर वर्षातून एकदा सारे कागदावर छापून बांधून घ्या.

छायाचित्रांचे काम मात्र मृग लागण्यापूर्वी उरका, आणि पाण्याचे डाग पडलेल्या त्या दोन वह्यांपासून सुरुवात करा.