मदत हवी आहे: सोनारकामाच्या कचऱ्यातून पाऱ्याने सोनं काढताना गाळ्यात काय काळजी घ्यावी?

नौपाडाकर
ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागे तळमजल्यावर १० बाय १२ फुटांचा गाळा आहे, वर तीन मजले बिऱ्हाडं. सोनारकामाचा कचरा (झाडलोट, पॉलिशची धूळ, हात धुतल्याचा गाळ, वापरलेले एमरी पेपर) जाळून, धुऊन पाऱ्यात घोटतात. फडक्यातून पिळून उरलेला सोनं-पाऱ्याचा गोळा उघड्या मुशीत बर्नरवर ठेवून पारा उडवतात, मग उरलेलं नायट्रिक तेजाबात. भिंतीला एक एक्झॉस्ट आहे. दोन कारागीर रात्री पोटमाळ्यावर झोपतात.
१) एन-९५ मास्क पुरेल का?
२) बंद भांडं (रिटॉर्ट) बनवून घ्यायचं तर कसं?
३) पारा टाळता येईल का?
४) तपासणी कोणती करावी?

धातुशोधक
एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. पाऱ्यासाठी एचजी-पी३ लिहिलेलं, लाल-पांढऱ्या पट्ट्याचं कार्ट्रिज लागतं. ते एकूण ५० तास वापरून बदलायचं. पण मास्क घालणारा एक आणि श्वास घेणारी सगळी इमारत, म्हणून मास्कपासून सुरुवात करू नका.

गोळा पिळल्यावरही त्यात साधारण निम्मा पारा उरतो. १०० ग्रॅमचा गोळा उघड्यावर तापवलात तर ५० ग्रॅमच्या आसपास पारा हवेत गेला. १९४८च्या कारखाना कायद्यात हवेतल्या पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम होती, त्यावरून काय ते समजा. वाफेला वास नाही, रंग नाही. एक्झॉस्ट ती वरच्या खिडक्यांकडे ढकलतो. बाकीची भिंतीवर, माळ्यावर, गाद्यांवर बसते आणि खोली तापली की पुन्हा उठते. कारागिरांचं झोपणं आजच दुसरीकडे हलवा, बाकी सगळं त्यानंतर.

सोन्याच्या लहान खाणींतही हेच चालतं. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वात मोठा वाटा त्या खाणींचा आहे. म्हणूनच पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात (भारताची मान्यता २०१८) वस्तीत असा गोळा जाळणं बंद करायच्या पद्धतींत धरलंय.

मूस_आणि_चिमटा
रिटॉर्टबद्दल. जाड पोलादी किंवा बिडाचं भांडं, चपखल झाकण, वर स्क्रूचा क्लॅम्प. नळी पोलादाचीच हवी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा यातलं काही नको, पारा धरतो. नळी उताराने खाली आणा आणि मधला भाग पाण्याच्या डब्यातून न्या. झाकणाच्या फटीला चाळलेली राख आणि चिकणमाती ओली करून लावा, वाळू द्या. पहिली भट्टी रिकामी लावून सांध्यातून धूर येतो का ते बघा.

नळीचं टोक पारा गोळा करायच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवू नका. बर्नर बंद केला की भांडं आतून ओढ घेतं, पाणी तापल्या भांड्यात शिरतं आणि वाफेचा भडका होतो. टोक पाण्याच्या वर बोटभर ठेवा, भोवती ओलं फडकं सैल सोडा.

पारा ३५७ अंशांना उकळतो. आधी मंद आंच, थेंब यायचे थांबले की भांड्याचा तळ मंद लाल होईपर्यंत वाढवा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. फसगत पुढे होते: आतल्या सच्छिद्र सोन्यात थोडा पारा राहतोच आणि गाळताना उडतो. ते गाळणंही छताच्या वर धुराडं नेलेल्या हूडखालीच.

कल्याणकाका
कारागिरांना रोज गूळ द्या, पारा-बिरा सगळं खाली जातं.

धातुशोधक
काका, गूळ पोटात जातो, वाफ फुप्फुसात. तिथून थेट रक्तात.

मधुरा_ठाणे
तपासणी: लघवीतला पारा, क्रिएटिनिनच्या प्रमाणात (हा लघवीतला नेहमीचा घटक, त्यावरून लघवी किती पातळ ते कळतं). रोज हाताळणाऱ्यांसाठी ग्रॅम क्रिएटिनिनला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की काम थांबवून व्यावसायिक आजारांच्या डॉक्टरांकडे. नमुना देताना हात धुऊन, कामाचे कपडे बदलून, नाहीतर आकडा फुगतो. बोटं थरथरणं, अक्षर बिघडणं, झोप उडणं, चिडचिड, हिरड्या सुजणं याकडे लक्ष ठेवा.

नायट्रिकचा तांबूस धूर वेगळा धोका. लागल्यावर तासभर खोकला येतो, मग माणूस ठीक दिसतो आणि रात्री फुप्फुसात पाणी भरतं. जास्त धूर घेतला असेल तर बरं वाटलं तरी हॉस्पिटलात २४ तास देखरेख हवी.

आणि एक विचारते. त्याच गाळ्यात सायनाइडचं बॉम्बिंग (सायनाइडच्या पाण्यात दागिने उजळणं) होतं का? होत असेल तर त्याचं पाणी आणि तेजाबाचं पाणी एका मोरीत, एका पिंपात कधीही नाही. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, काही मिनिटांत माणूस जातो.

मूस_आणि_चिमटा
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, टाळता येतो. कचरा काळेपणा जाईपर्यंत जाळा, चाळा, लोहचुंबकाने लोखंड काढा, परातीत धुऊन जड माल वेगळा करा. तो वाळवून साधारण तेवढ्याच वजनाचा टाकणखार (बोरॅक्स) आणि थोडा धुण्याचा सोडा मिसळून मुशीत गाळा. टाकणखाराने मळी (वर तरंगणारा वितळलेला कचरा) पातळ होते आणि सोन्याचे बारीक कण तळाशी बसतात. सोनं १०६४ अंशांना वितळतं, म्हणून मूस त्याहून चांगली वर न्यावी लागते. मळी घट्ट राहिली तर कण तिच्यातच अडकतात; फोडून परत गाळा. मिळेल तो मिश्र धातूचा रवा, शुद्ध सोनं नव्हे. मालात सोनं फारच कमी असेल तर भट्टी पेटवू नका, नमुना तपासून पैसे देणाऱ्या रिफायनरीला द्या.

नौपाडाकर
बॉम्बिंग होतं, मोरी एकच. उद्या वेगळं पिंप बसवतो, तोवर तेजाबाचं काम बंद. फरशीच्या सांध्यांत पाऱ्याचे थेंब दिसतात, त्याचं काय?

धातुशोधक
झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, दोन्ही पारा पसरवतात. जाड पुठ्ठ्याने थेंब गोळा करा, ड्रॉपरने उचला, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बरणीत पाण्याखाली ठेवा. सांध्यांत गंधकाची पूड भरून दिवसभर राहू द्या, मग ओल्या फडक्याने काढा. ती पूड, फडकी आणि पोटमाळ्यावरच्या गाद्या तळोजा एमआयडीसीतल्या घातक कचरा केंद्राकडे, महापालिकेच्या घंटागाडीत नाही.